घर आणि ऑफिस पर्यावरणपूरक करायचंय? मग आधी कचऱ्याच्या डब्यापासून सुरुवात करा

पर्यावरणपूरक राहणीची सुरुवात बऱ्याच घरांत खरेदीनं होते. बांबूचा ब्रश येतो, काचेच्या बाटल्या येतात, कापडी पिशव्यांचा ढीग होतो. या वस्तू वाईट नाहीत, पण त्या नंतर आल्या तरी चालतील. सगळ्यात आधी हात घालायचा तो ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्याला. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. तो सुक्यात मिसळला की विकला जाणारा कागद आणि प्लास्टिकही चिकट होऊन वाया जातं. मग ते सगळं कचरा डेपोच्या ढिगात दबतं, आत हवा पोचत नाही, आणि कुजताना मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो. मुंबईत देवनारच्या डेपोला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. आपल्या घरातली केळ्याची सालं दुसऱ्याच्या गावात जाऊन कुजू नयेत, एवढं तर आपण नक्की करू शकतो.

पहिला आठवडा: फक्त वजन करा

आठ दिवस काहीही बदलू नका. ताणकाटा किंवा सामान तोलायचा हुकवाला काटा घ्या. रोज रात्री ओल्या कचऱ्याचं आणि सुक्याचं वेगवेगळं वजन करून कॅलेंडरवर लिहा. चार माणसांच्या घरात रोज साधारण पाऊण किलो ओला कचरा निघतो. आंबे, कणसं आणि कलिंगडाच्या दिवसांत तो दुप्पट होतो. हा आकडा हातात नसताना खताची बादली घेतली की ती लहान पडते, आणि भरून वाहणारी बादली बघून घरातली माणसं पहिल्या महिन्यातच कंटाळतात.

त्याच आठवड्यात अजून एक गोष्ट बघा: ओल्यात शिजलेलं अन्न किती आहे? रोज वाटीभर भात किंवा दोन पोळ्या फेकल्या जात असतील तर त्यांचं खत करत बसण्यापेक्षा कणकेचं आणि तांदळाचं माप कमी करा. त्या अन्नामागे शेताचं पाणी, गिरणीची वीज आणि तुमचा गॅस आधीच खर्च झालेला असतो.

सुका कचरा: धुवा, वाळवा, मग द्या

घरात चार जागा ठरवा. ओला आणि सुका तर माहीत आहेतच. तिसरी सॅनिटरी पॅड, डायपर, पट्ट्या यांची. चौथी बॅटरी, ट्यूब, मुदत संपलेली औषधं, नेलपॉलिश अशा घातक वस्तूंची. ही चौथी पिशवी दोन-तीन महिन्यांतून एकदाच भरते, त्यामुळे ती कपाटाच्या कोपऱ्यात राहिली तरी चालते.

सुक्या कचऱ्याचा नियम एकच: ओशट, ओलं काही त्यात जाऊ द्यायचं नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. कात्रीनं चीर द्या, टोक पिशवीलाच लटकत राहू द्या. तुटलेला तो नखाएवढा तुकडा कोणीच उचलू शकत नाही, तो थेट गटारात जातो. पिशवी रिकामी झाली की त्यात अर्धी वाटी पाणी घालून हलवा. ते पाणी कणकेत किंवा झाडाला चालतं. मग पिशवी उलटी करून मोरीतल्या दांडीवर वाळत टाका. दुधाच्या स्वच्छ पिशव्या भंगारवाला घेतो. वेफर्सच्या आतून चंदेरी पुड्यांना मात्र सहसा कोणी विचारत नाही, कारण प्लास्टिक आणि धातूचे एकावर एक चिकटवलेले थर वेगळे करणं परवडत नाही. तिथे उपाय एकच: ती पुडी कमी विकत घ्या.

कचरा हातानं वेचणाऱ्या माणसाचा विचार करूनच पिशवी बांधा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं ही खूण रूढ केली, ती कोणत्याही गावात चालण्यासारखी आहे. लाल ठिपका दिसला की पिशवी उघडून बघावी लागत नाही.

खताची बादली

बाजारात तयार कंपोस्टर मिळतात, ते चांगले असतात. पण शिकण्यासाठी रंगाची रिकामी २० लिटरची बादली पुरते. चार माणसांच्या घराला अशा तीन बादल्या आणि एक जुनी गोणी लागते. एक बादली भरायला साधारण अडीच-तीन आठवडे लागतात आणि खत पूर्ण मुरायला दीड ते दोन महिने. तिसरी बादली भरत आली की पहिलीतला अर्धवट मुरलेला माल गोणीत काढायचा आणि तो तिथे पुरा मुरू द्यायचा. एकच बादली आणून सुरुवात करणाऱ्यांची गाडी इथेच अडते: बादली भरलेली, खत कच्चं, आणि आजचा कचरा टाकायचा कुठे?

१. बादलीच्या बाजूंना ६ ते ८ मिलिमीटरची भोकं तीन ओळींत पाडा, प्रत्येक ओळीत आठ-दहा. तळालाही आठ-दहा. ड्रिल नसेल तर पक्कडीत धरून तापवलेला जाड खिळा चालतो. हे काम खिडकीजवळ करा, जळत्या प्लास्टिकचा धूर नाकात जाऊ देऊ नका.

२. आतून भोकांवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावा. माश्या येण्याचे निम्मे रस्ते इथेच बंद होतात.

३. बादली दोन विटांवर ठेवा, खाली जुनं ताट किंवा परात सरकवा. जागा सावलीची हवी, पाऊस आत न येणारी. बाल्कनी नसेल तर मोरीबाहेरचा कोपराही चालतो.

४. तळाला नारळाच्या शेंडीचा दोन इंच थर द्या. त्यावर चार बोटं वाळका पालापाचोळा. त्यावर विरजण, म्हणजे जिवाणू घालायचे: दोन ओंजळी जुनं खत, किंवा वाळलेलं शेण, किंवा अर्धा कप आंबट ताक तांब्याभर पाण्यात मिसळून शिंपडायचं.

आता रोजचं काम. ते दहा मिनिटांचंही नाही. दिवसभराचा कचरा ओट्यावरच्या भोकाच्या भांड्यात निथळत ठेवा. रात्री त्याचे दोन-दोन बोटांएवढे तुकडे करा. दुधी-भोपळ्याच्या सालीला सुरीची गरज पडते, बाकी बरंचसं हातानं मोडतं. बादलीत पसरा आणि वर पालापाचोळा घाला. जितका कचरा, आकारमानानं त्याच्या दुप्पट पाला, तोही हातानं चुरडलेला. पाल्याऐवजी सुटं केलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या शेंडीचा भुसा, असेल तर कचऱ्याइतकंच पुरतं. शेवटी कचऱ्याचा एकही तुकडा वर दिसता कामा नये. केळ्याचं साल डोकावत राहिलं तर दुसऱ्या दिवशी चिलटं हजर.

पाला एवढा का? कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र आणि कर्ब दोन्ही लागतात, एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब. भाजीच्या देठा-सालींत नत्र आणि पाणी भरपूर असतं. कर्ब येतो वाळल्या पानांतून, लाकडाच्या भुशातून, पुठ्ठ्यातून. शिवाय पाना-पानांमध्ये पोकळी राहते आणि तिथून हवा खेळते. घरच्या बादलीच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ पाला कमी पडण्यात असतं. म्हणून खताची तयारी फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सुरू करा. सोसायटीतले झाडलेले ढीग पेटवले जाण्याआधी त्यातल्या तीन-चार गोण्या मागून घ्या आणि कोरड्या जागी रचून ठेवा. जुलैत, सगळं चिंब असताना, वाळकं पान शोधून सापडत नाही. शिरीष, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा आणि बदामाची पानं चिवट असतात, ती चुरडूनच वापरा.

आठवड्यातून दोनदा खुरप्यानं तळापर्यंत हलवा. हलवताना मूठभर माल घट्ट दाबून बघा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर पाला घाला. मूठ उघडल्यावर सगळं भुरभुर सुटलं तर पाणी शिंपडा. ही मुठीची परीक्षा जमली की पुस्तक उघडायची गरज उरत नाही.

काय टाकू नये: हाडं आणि मासळीचे काटे, तेलकट आणि खारवलेलं अन्न, लोणची, नारळाच्या करवंट्या, फळांवरचे स्टिकर. उरलेला भात किंवा पोळी मूठभरापर्यंत, कुस्करून, पाल्यात घोळून चालते. लिंबू-संत्र्याची सालं चालतात, पण एका दिवशी डझनभर नकोत. चहाचा चोथा एकदा पाण्यातून काढून टाका. दूध-साखर तशीच राहिली तर मुंग्यांना आमंत्रण मिळतं. टी-बॅग फाडून आतली पूड तेवढी घ्या, पिशवीच्या जाळीत अनेकदा प्लास्टिक असतं. आंब्याची कोय फोडून टाकली तरी वर्षभर राहते, ती चाळून पुढच्या बादलीच्या तळाला घाला.

बिघडलं तर

सडक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे. बादली परातीत उलटी करा, ओला गोळा हातानं मोडा, दुप्पट पाला मिसळून परत भरा. दोन दिवसांत वास जातो. वास नाकात झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर नत्र जास्त झालाय. बहुधा चोथा किंवा डाळींचा भाग जास्त पडला असतो. इथे भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा घाला.

पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामच करतेय. मुंग्या आल्या म्हणजे माल कोरडा पडलाय. चिलटांसाठी मूठभर कडुलिंबाची पेंड पसरा, वर दोन बोटं कोकोपीटचा थर द्या आणि झाकणाखाली सुती कापड इलॅस्टिकनं बांधा. जाड, राखाडी-तपकिरी, खंडीभर अळ्या दिसल्या की सर्वांत जास्त लोक खत करणं सोडून देतात. त्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, आणि कचरा कोणत्याही जिवाणूपेक्षा भराभर संपवतात. नकोशा वाटत असतील तर माल कोरडा ठेवा आणि शिजलेलं अन्न टाकणं बंद करा, त्या आपोआप कमी होतात. उंदीर मात्र खपवून घेऊ नका. झाकणावर वीट ठेवा आणि शिजलेलं अन्न पूर्ण बंद करा.

परातीत तपकिरी पाणी साठत असेल तर पाला कमी पडतोय असं समजा. ते पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून शोभेच्या झाडांना घाला, पालेभाजीला नको.

खत तयार झालं की रंग काळपट होतो, पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येतो आणि साल कशाची होती ते ओळखू येत नाही. खात्रीसाठी ओंजळभर खत कुंडीतल्या मातीत मिसळून मेथीचे दहा दाणे पेरा. चार-पाच दिवसांत सात-आठ उगवले तर खत वापरा. दोन-तीनच आले तर माल कच्चा आहे, अजून पंधरा दिवस गोणीत राहू दे. चाळलेल्या खताचा एक भाग आणि मातीचे तीन-चार भाग, हे कुंडीचं प्रमाण. बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरतात. घरगुती बादली मोठ्या ढिगाएवढी तापत नाही, त्यामुळे आतलं बी मरत नाही. कुंडीत न पेरलेले टोमॅटो आणि पपई उगवतील, तेव्हा नवल वाटू देऊ नका.

सणासुदीचं निर्माल्यही याच बादलीत जातं. दोरा, जरी, चमकीचा कागद आधी काढून टाका. शाडूच्या गणपतीचं विसर्जन घरी पिंपात केलं तर गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी निथळून ती माती पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी ठेवता येते.

ऑफिसात

ऑफिसातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सोपा बदल म्हणजे चहाचा कप. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली आणि बहुतेक ऑफिसं कागदी कपांवर गेली. पण त्या कपालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. त्यामुळे तो खतात जात नाही आणि रद्दीवालाही नाक मुरडतो. वीस माणसं, माणशी दिवसाला दोन कप, वर्षाचे अडीचशे दिवस: दहा हजार कप होतात. त्याऐवजी स्टीलचे किंवा चिनीमातीचे पंचवीस-तीस कप आणा.

ही योजना बहुतेक ठिकाणी धुण्यापाशी बंद पडते. कप आले, पण ते धुण्याचं काम गुपचूप ऑफिसच्या मावशींच्या डोक्यावर पडलं, तर दोन महिन्यांत कागदी कप परत येणारच, आणि मावशींचं काहीही चुकलेलं नसेल. एकतर ज्यानं प्यायला त्यानं धुवायचा असं ठरवा आणि साहेबांपासून सुरुवात करा, नाहीतर मावशींच्या कामाचे तास आणि पगार दोन्ही वाढवा. पाहुण्यांसाठी दहा कप वेगळे ठेवा. कागदी कप पाहुण्यांच्या नावाखालीच परत शिरतात.

दुसरं काम: प्रत्येक टेबलाखालचा डबा काढून टाका. टेबलाखालच्या डब्यात सफरचंदाचं बोंड, रद्दी आणि बॅटरी एकत्रच पडतात. मजल्यावर दोन ठिकाणी डब्यांची जोडी ठेवा, वर अक्षरांसोबत वस्तूंची चित्रं लावा. ऑफिसातला चहाचा चोथा वेगळा गोळा करा. वीस जणांच्या चहाचा रोज तीन-चारशे ग्रॅम ओला चोथा सहज होतो, आणि तो कोणीही बागवाला आनंदानं नेतो. बैठकांतल्या २०० मिलिलिटरच्या पाण्याच्या बाटल्या बंद करून जग आणि पेले ठेवा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंनी छपाई हाच मूळ पर्याय करून ठेवा. लोकांना आठवण करून देण्यापेक्षा हे जास्त चालतं.

जुने संगणक, केबल, बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी वायर जाळल्या जातात आणि तो धूर वस्तीत राहणाऱ्यांच्या छातीत जातो. ई-कचरा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या, पावती घ्या, आणि देण्याआधी हार्ड डिस्कवरची माहिती नीट पुसा.

वीज आणि पाणी, थोडक्यात

विजेत पैसे कुठे घालावेत? आधी जास्त वेळ फिरणाऱ्या पंख्यात. साधा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा साधारण ३० वॅट. रोज बारा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून मात्र फारसं काही हाती लागत नाही. एसी २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. गीझर अर्धा तास आधी लावायची सवय मोडा: २ किलोवॅटचा गीझर पंधरा लिटर पाणी २५ वरून ४४ अंशांवर दहा मिनिटांत नेतो. आंघोळीला यापेक्षा गरम लागत नाही.

पाण्यासाठी बादली आणि घड्याळ घ्या. नळ पूर्ण सोडून दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते बघा. एका मिनिटात भरत असेल तर वॉशबेसिन आणि ओट्याच्या नळाला मिनिटाला ३ लिटर सोडणारी जाळी बसवा. आंघोळीची बादली भरायच्या नळाला बसवू नका, तिथे लागणारं पाणी तेवढंच राहतं, फक्त वेळ वाया जातो. आरओ घेण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. तो ५०० च्या आत असेल तर टीडीएसपायी आरओची गरज नाही. आरओ असेलच तर त्याचं टाकाऊ पाणी पिंपात धरून फरशी पुसायला आणि फ्लशला वापरा. झाडांना सतत घालू नका, त्यातले क्षार कुंडीत साठतात.

सोसायटीत न्यायचं तर

एकट्याच्या घरी दोन बादल्या यशस्वी झाल्या की मगच सोसायटीच्या बैठकीत विषय काढा, आणि जाताना डबाभर खत सोबत न्या. वास घेतल्यावर निम्मे आक्षेप तिथेच मिटतात. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, ही अपेक्षा २०१६ च्या घनकचरा नियमांत होती. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाच्या पाण्याची साठवण करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते, मात्र प्रकल्प चालू असावा लागतो.

महागडं यंत्र आणण्याआधी दोन गोष्टी लेखी ठरवा. रोज ढीग कोण हलवणार, आणि तो माणूस सुट्टीवर असताना कोण? सफाईच्या कंत्राटात या कामाचा रोजचा तास वेगळा लिहा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. पन्नास घरांचा ओला कचरा दिवसाला पस्तीस-चाळीस किलो होतो. तो पेलायला विटांच्या जाळीदार बांधणीचे तीन फूट उंचीचे आठ हौद पुरावेत: एक भरतोय, बाकीचे मुरतायत. सुरुवात मात्र पानगळीच्या आधी करा, म्हणजे पहिल्या पावसापर्यंत पाल्याच्या गोण्या रचलेल्या असतील.